नाव ठेवावं की नावं ठेवावीत?

खंडेनवमीच्या सकाळी कोल्हापूरच्या उद्यमनगरात यंत्रं गप्प असतात. एरवी लेथ, ग्राइंडर आणि हातोड्यांच्या आवाजानं भरलेल्या गल्ल्यांत त्या दिवशी पाण्याच्या बादल्या, जुनी फडकी आणि झेंडूचे ढीग दिसतात. अशाच एका छोट्या वर्कशॉपमध्ये काका लेथच्या खाचांत अडकलेला लोखंडाचा कीस ब्रशनं काढत होते आणि दारात त्यांची पुतणी मोटारसायकल धूत होती. ती पुण्यात नोकरी करते. सणाला साडेतीनशे सीसीची गाडी घेऊन एकटी आली होती. फेस ओघळून गेला तशी साइड कव्हरवरची बारीक पांढरी अक्षरं उजेडात आली : तांबडी.

“हे काय गं?” काकांनी चष्मा कपाळावर सरकवला.

“नाव. आजीच्या गाईचं.”

“ती गाय हाक मारली की मान वळवायची. ही वळवणार हाय का?”

“वळवत नाही. पण मी हाक मारते तेव्हा माझी मान तिच्याकडं वळते, काका.”

काकांनी ब्रश खाली ठेवला. पूजेला अजून तासभर होता, आणि हा विषय त्यांना तसा सोडवेना.

मराठी घरात जनावराला नाव असणं ही नवलाची गोष्ट कधीच नव्हती. रंगावरून ढवळ्या, पवळ्या, तांबडी, कपिला. रुबाबावरून सर्जा आणि राजा. बेंदराला शिंगं रंगवून ज्याला पुरणपोळीचा घास भरवायचा, तो बैल नांगराला जुंपला तरी औजार ठरत नसे. पुढं गोठ्याच्या जागी पत्र्याची शेड आली, शेडमध्ये दुचाकी आली, आणि नाव ठेवायची सवय त्या दुचाकीवर जाऊन बसली. मोटारसायकल गावात नवी होती तेव्हा लोकांनी तिचं बारसं तिच्या आवाजावरूनच केलं होतं : फटफटी. शोरूमच्या पाटीवर नसलेला हा शब्द गावोगाव कळत होता.

पुतणीचं म्हणणं असं की नाव ठेवायला मालकी लागतेच असं नाही. १ जून १९३० रोजी मुंबई-पुणे मार्गावर धावू लागलेली डेक्कन क्वीन रेल्वेची आहे, प्रवाशांची नाही. तरी दरवर्षी १ जूनला पुणे स्टेशनवर तिचा वाढदिवस केक कापून साजरा होतो. १ जून १९४८ रोजी नगरहून पुण्याला निघालेल्या पहिल्या एसटीच्या आजच्या बहिणींना महाराष्ट्र ‘लालपरी’ म्हणतो. रोज जिच्या भरवशावर घर सोडायचं, तिला नुसतं ‘वाहन’ म्हणून माणसाचं भागत नाही.

“भागतं की,” काका म्हणाले. “माझं भागलं. चाळीस वर्षं झाली.”

आतल्या भिंतीला त्यांची येझडी उभी होती. गिअरचा आणि किकचा लिव्हर एकच असलेली, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून प्यायला मागणारी टू-स्ट्रोक गाडी. तिच्या टाकीवर कंपनीच्या अक्षरांखेरीज काही नव्हतं. तिचा सगळा इतिहास काकांच्या एका लांबट वहीत होता. पानाच्या माथ्यावर नंबर प्लेटचे शेवटचे चार आकडे, खाली तारखा : प्लग बदलला, सायलेन्सरमधला कार्बन काढला, क्लच प्लेटा टाकल्या. त्या वहीत शेजारपाजारच्या गाड्याही होत्या, आणि सगळ्यांच्या माथ्यावर आकडेच होते.

“चेसिसला नंबर असतो, इंजिनला नंबर असतो. आरसी बुकात नावाचा रकाना मालकासाठी हाय, गाडीसाठी न्हाई. का म्हणशील तर सांगतो. नाव ठेवलं की माणूस नावं ठेवायचं विसरतो.”

पुतणी हसली, पण काका हसले नाहीत.

“खरंच सांगतो. टॅपेट वाजायला लागलं की पोरं येऊन मला काय सांगतात? ‘काका, राणी रुसलीय.’ अरे, रुसली न्हाई, टॅपेट सैल झालंय. रुसवा म्हटला की माणूस वाट बघतो, आपोआप जाईल म्हणून. सैल झालं म्हटलं की पाना घेतो.”

काकांचा हा मुद्दा नुसता अनुभवाचा नाही. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातल्या जेसी चँडलर आणि नॉर्बर्ट श्वार्झ या मानसशास्त्रज्ञांनी २०१० साली याच्याशी मिळताजुळता प्रयोग प्रसिद्ध केला. काही लोकांना आपल्या मोटारीचा विचार एखाद्या माणसासारखा, स्वभाव असलेल्या जिवासारखा करायला लावलं. ती माणसं मोटार बदलायला कमी राजी झाली. शिवाय, ठेवावी की बदलावी हे ठरवताना मोटारीच्या दर्जाला, म्हणजे ती किती चांगली चालते याला, त्यांनी कमी वजन दिलं. जुनी झाली म्हणून मित्र बदलत नाहीत, तसं.

पुतणीनं हा प्रयोग वाचलेला होता, आणि तिनंच तो काकांना सांगितला. आपल्या विरुद्ध जाणारा अर्धा भागही तिनं लपवला नाही.

“म्हणजे मी म्हणतो तेच की. गाडी कशी चालते हे दिसायचं बंद होतं.”

“अर्धं तुम्ही म्हणता ते. उरलेलं अर्धं मी म्हणते ते : माणूस गाडी टाकून देत नाही. सुट्ट्या भागासाठी महिना महिना थांबतो, जुन्या बाजारात हिंडतो. तुमच्या उद्यमनगरात कितीजण आजोबांची गाडी उभी करायला येतात? त्यातल्या किती गाड्या नुसत्या आकड्यांच्या असतात?”

काकांनी या प्रश्नाला लगेच उत्तर दिलं नाही. लेथच्या चकवर त्यांनी तेलाचं फडकं फिरवलं.

नाव ठेवणाऱ्यांच्या बाजूनं उभी करायला पुतणीकडं मोठी माणसं होती. पहिला म्हणजे, ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून जग ज्याला ओळखतं तो टी. ई. लॉरेन्स. पहिल्या महायुद्धानंतर प्रसिद्धीपासून पळत तो हवाई दलात साधा शिपाई म्हणून राहिला आणि फावल्या वेळात ब्रफ सुपीरियर ही त्या काळातली अतिशय महागडी मोटारसायकल इंग्लंडच्या रस्त्यांवरून पिटाळायचा. एकापाठोपाठ एक अशा सात ब्रफ त्याच्याकडं होत्या. त्यांना तो ‘बोॲनर्जीस’ म्हणे. बायबलमध्ये येशूनं आपल्या दोन शिष्यांना दिलेलं हे नाव. अर्थ, मेघगर्जनेचे पुत्र. आणि क्रमानं त्या झाल्या पहिला जॉर्ज, दुसरा जॉर्ज, थेट सातव्यापर्यंत.

“सातही जॉर्ज?” काकांनी विचारलं.

“सातही.”

“मग ते गाडीचं नाव न्हवं, गादीचं झालं. एक गेला, दुसरा बसला. आजीनं दुसऱ्या गाईला तांबडी म्हटलं होतं का?”

नव्हतं म्हटलं. तांबडी गेल्यावर आलेली गाय रंगानं तशीच होती, तरी तिला दुसरं नाव मिळालं होतं. पुतणीला ते आठवलं आणि तिनं मान्य केलं.

लॉरेन्सची गोष्ट तिथं संपत नाही. मे १९३५ मध्ये डॉर्सेट परगण्यात, आपल्या घरापासून जवळच, दोन सायकलस्वार मुलांना चुकवताना सातवा जॉर्ज आडवा झाला. लॉरेन्सच्या डोक्याला मार लागला आणि सहा दिवसांनी तो गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स हे तरुण मेंदुशल्यविशारद होते. त्या मृत्यूनं त्यांना स्वस्थ बसू दिलं नाही. मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमांचा त्यांनी अभ्यास केला, १९४१ साली तो प्रसिद्ध केला, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ब्रिटिश लष्करानं कामावरच्या मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं.

“हे आधी सांगायचं,” काका म्हणाले. “गाडीला बायबलातलं नाव होतं, डोक्यावर हेल्मेट नव्हतं.”

ही बाब काकांच्या अगदी जिव्हाळ्याची होती. गाडीवर प्रेम करणारी, टाकीला रोज पॉलिश मारणारी आणि हेल्मेट आरशाला लटकवून फिरणारी पोरं त्यांनी पाहिली होती. भारतात २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ७४,८९७, म्हणजे शंभरातली चव्वेचाळीसहून जास्त, दुचाकीवर होती. वर्कशॉपात सरळ करायला आलेले वाकडे फोर्क काकांनी हातात धरले होते, त्यामुळं हे आकडे त्यांच्यासाठी कागदावरचे नव्हते.

पुतणीनं वाद घातला नाही. तिचं हेल्मेट पायरीवर पालथं ठेवलेलं होतं, आतलं अस्तर वाळत. “नाव ठेवलं म्हणून हेल्मेट घालायचं नाही असं नाही ना, काका,” एवढंच ती म्हणाली. “तांबडीच्या गळ्यात घंटा होती, आणि दाव्याची गाठ आजी रोज तपासायची.”

दुसरी गोष्ट चे गव्हेराची. १९५२ सालच्या जानेवारीत तो आणि त्याचा मित्र आल्बेर्तो ग्रानादो दक्षिण अमेरिका पालथी घालायला ज्या जुन्या पाचशे सीसी नॉर्टनवर निघाले, तिचं नाव ‘ला पोदेरोसा’, म्हणजे बलवान. ही बलवान पोरांना वाटेत कितीदा खाली पाडते याची गणती नाही, आणि चिलीत पोचल्यावर ती कायमची थकली. पुढचा प्रवास त्यांनी मिळेल त्या वाहनानं केला. गाडी अर्ध्यात राहिली, पण त्या प्रवासाची गोष्ट सांगताना तिला वगळता येत नाही.

“नावाला जागली न्हाई,” काकांचा निकाल.

“पण नाव आहे म्हणून आज सत्तर वर्षांनी आपण तिच्याबद्दल बोलतोय.”

नाव कारखान्यानं ठेवलेलं पुरत नाही का, हा काकांचा पुढचा प्रश्न. कारखान्यांनी काही कमी हौसेनं नावं ठेवलेली नाहीत. १९७२ साली आकुर्डीहून निघालेल्या बजाजच्या स्कूटरला महाराणा प्रतापांच्या घोड्याचं नाव मिळालं, चेतक. इटलीत १९४६ साली आलेली व्हेस्पा म्हणजे गांधीलमाशी. जावा हा शब्द यानेचेक हे संस्थापकाचं आडनाव आणि वाँडरर ही जर्मन कंपनी यांची पहिली अक्षरं जुळवून झालेला. आणि म्हैसूरच्या कारखान्यात जावाच्याच घराण्यातून पुढं आलेल्या गाडीला पारशी-इराणी मालकांनी इराणातल्या याझ्द शहरावरून नाव दिलं, येझडी.

“म्हणजे तुमच्या गाडीलाही गाव आहे, घराणं आहे,” पुतणी म्हणाली. “फक्त ते नाव हजारो गाड्यांचं आहे. आजीच्या गोठ्यात चार गाई होत्या. चौघींना ‘गाय’ म्हणून कुणी हाक मारली नाही.”

पूजेचं ताट घेऊन काकू बाहेर आल्या. त्यांनी हा वाद मागून ऐकला होता आणि त्यांना वेगळीच गोष्ट खुपत होती. “गाड्यांना सगळी नावं बायकांचीच का गं ठेवतात? राणी, रोझी, जान. मिरवायची आपण, आणि बिघडली की ‘तिचा मूड नाही’.”

हा मुद्दा दोन्ही पक्षांना निरुत्तर करणारा होता. मराठीत गाडी मुळातच ‘ती’. ट्रक ‘तो’ आणि इंजिन ‘ते’. व्याकरणानं दिलेलं लिंग आणि माणसानं वरून चिकटवलेला नखरा यांत मात्र फरक आहे. इंग्रजीत जहाजाला शतकानुशतकं ‘ती’ म्हणत. लंडनच्या ‘लॉइड्स लिस्ट’ या जहाजवाहतुकीच्या जुन्या पत्रानं २००२ साली ती प्रथा सोडली आणि जहाजासाठी नपुंसकलिंग स्वीकारलं. स्वतः गाडी चालवणाऱ्या पुतणीला काकूंचं बोलणं मनापासून पटलं. “म्हणून तर बाईचं नाव दिलं नाही, गाईचं दिलं,” ती म्हणाली. “तांबडी कधी नखरे करायची नाही. दूध द्यायची आणि लाथ मारायची.”

काका पहिल्यांदा मोकळेपणानं हसले.

गाडीवरच्या प्रेमाचं टोक पाहायचं तर राजस्थानात पाली-जोधपूर रस्त्यावर जायला हवं. तिथं काचेच्या चौकटीत एक रॉयल एनफील्ड बुलेट उभी आहे, गळ्यात हार, समोर उदबत्त्या. अपघातात गेलेल्या ओमसिंह राठोड यांची ती गाडी. पोलिसांनी ठाण्यात नेली तरी ती रात्रीतून अपघाताच्या जागी परत यायची, अशी श्रद्धा आहे. येणारेजाणारे ट्रकवाले थांबतात, सुखरूप पोचू दे म्हणून हात जोडतात. त्या बुलेटला वेगळं नाव कुणी दिलेलं नाही. तिला लोक ओळखतात ते स्वाराच्या नावानं, ओम बन्ना, आणि प्लेटवरच्या ७७७३ या आकड्यांनी.

पुतणीला वाटलं, काका यावर नापसंती दाखवतील. त्यांनी तसं केलं नाही. “रस्त्यावर माणूस गेला तिथं लोक गाडी हळू करत असतील, तर चांगलंच की,” ते म्हणाले. “आकड्यालाही माणूस हात जोडतो, बघ. नाव लागतंच असं न्हाई.”

“आणि तुम्ही आज लेथला हळदकुंकू लावणार, त्याला नाव कुठंय?” काकूंनी विचारलं.

“नाव न्हाई. पण पूजेच्या आधी त्याला उघडायला लागतं. कीस काढायचा, खाचा पुसायच्या, तेल घालायचं. मग फूल. उघडलं न्हाई तर पूजा कसली?”

काकांच्या या बोलण्यावर पुतणी थोडा वेळ गप्प राहिली. तिच्या लक्षात आलं की काकांचा विरोध मायेला नाहीच. माया डोळ्यांवर येते, याला आहे. मग तिनं सर्वांत शेवटी राखून ठेवलेला माणूस काढला, कारण तो उद्यमनगरात शोभला असता.

न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला इन्व्हरकार्गिल गावात बर्ट मन्रो नावाचा माणूस होता. त्यानं १९२० सालची इंडियन स्काउट घेतली. सहाशे सीसीची, मुळात ताशी ५५ मैल पळणारी. पुढची अनेक दशकं त्यानं तीच एक गाडी बदलली, कापली, जोडली. जुने पिस्टन वितळवून नवे पिस्टन तो आपल्या शेडमध्ये ओतायचा. १९६७ साली, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, अमेरिकेतल्या बोनव्हिलच्या मिठागरावर त्यानं त्याच गाडीवर ताशी १८४ मैलांचा, म्हणजे सुमारे २९६ किलोमीटरचा विक्रम केला. गाडीचं नाव ‘मन्रो स्पेशल’. आणि त्याच्या शेडमध्ये एक फळी होती. त्या फळीवर फुटलेले पिस्टन, तुटलेले रॉड, जळलेले भाग ओळीनं मांडलेले होते आणि वर लिहिलं होतं की हे वेगाच्या देवाला वाहिलेलं आहे.

काका उठून उभे राहिले. “घरात ओतायचा पिस्टन?”

“घरात.”

“आणि फुटलेले ठेवायचा?”

“सगळे. मांडून.”

“मग त्यानं ठेवलं तर ठेवलं नाव.” हे म्हणताना त्यांच्या आवाजात पहिल्यापासूनचा ताठा नव्हता. फाउंड्रीच्या गावात वाढलेल्या माणसाला फुटलेला पिस्टन म्हणजे काय हे सांगावं लागत नाही : कुठल्या जागी तडा गेला, धातू कुठं कमी पडला, उष्णता कुठं साठली, सगळं त्या तुकड्यावर लिहिलेलं असतं. मन्रोनं गाडीला नाव ठेवलं आणि तिची चूक न् चूक फळीवर मांडून नावंही ठेवली.

मोटारसायकलीच्या देखभालीवर १९७४ साली जगभर वाचलं गेलेलं पुस्तक लिहिणारे रॉबर्ट पिर्सिग याच वाटेवर उलट्या बाजूनं भेटतात. आपल्या होंडाला त्यांनी लाडाचं नाव दिलं नाही. पण प्रत्येक यंत्राला स्वतःचा स्वभाव असतो आणि तो आपल्याला त्या यंत्राबद्दल जे जे ठाऊक आणि जाणवलेलं असतं त्यातून बनतो, असं त्यांचं म्हणणं होतं. काकांनी ते पुस्तक वाचलेलं नाही. तरी येझडी सकाळी किती किकांत उठते, पावसाळ्यात किती आणि थंडीत किती, हे ते झोपेतही सांगतील. वहीत आकडे होते, आणि त्या आकड्यांतून स्वभाव वाचता येत होता. पुतणीनं तसं बोलून दाखवलं तेव्हा काकांनी नाकारलं नाही.

“बरं, इकडं ये,” ते म्हणाले. “तुझ्या तांबडीची चेन शेवटची कधी बघितलीस?”

पुतणीला तारीख आठवेना. काका गाडीजवळ खाली बसले, खालच्या चेनच्या मध्यावर बोट लावून वर-खाली केलं आणि स्टीलची पट्टी तिच्या हातात दिली. मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या पंचवीस-तीस मिलिमीटरऐवजी चेन पन्नासच्या आसपास खेळत होती. पुण्याहून सव्वादोनशे किलोमीटर ती तशीच आली होती. खंबाटकीच्या घाटात मागून येणारी खडखड तिनं ऐकली होती. “मला वाटलं, दमलीय बिचारी,” ती म्हणाली, आणि आपण काय बोललो ते तिला तिचंच कळलं.

काकांनी तो शब्द उचलून धरला नाही. आत जाऊन त्यांनी लांबट वही आणली, कोरं पान उघडलं. “नंबर सांग.”

पुतणीनं तीन आकडे सांगितले. चौथ्याच्या आधी काकांचं पेन थांबलं. लिहिलेलं त्यांनी एका रेघेनं खोडलं आणि पानाच्या माथ्यावर, ठळक, लेथवर खूण करावी तसं, लिहिलं : तांबडी. त्याच्या खाली खंडेनवमीची तारीख घातली. तिच्याखाली ओळीनं : चेन सैल. मागचा ब्रेक खोल जातो. हॅंडलची डावी ग्रिप फाटलेली. हवा कमी, दोन्ही चाकं.

“अजून?” त्यांनी विचारलं.

पुतणी गाडीभोवती फिरली. मडगार्डखाली हात घातला, स्पोक एकेक वाजवून पाहिले. “मागचे दोन स्पोक सैल आहेत,” ती म्हणाली, “आणि टॅपेटचा आवाज येतोय.”

काकांनी दोन्ही ओळी लिहिल्या, बावीस नंबरचा पाना तिच्यापुढं केला आणि काकूंना सांगितलं की पूजा अर्धा तास पुढं ढकल, तांबडीचं मागचं चाक काढायचंय.